कोठार कोणाचे?

दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे उपाशी रयतेसाठी खुली केली आणि त्या धान्याचे मोल विठोबाने विठू महाराच्या रूपाने बिदरला नेऊन भरले. कथा इतिहास म्हणून कितपत टिकेल, हा प्रश्न वेगळा. आम्हांला तिच्यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. धान्य त्याच मुलखातले. पण ते वाटायला दरबाराचा रोष ओढवून घ्यावा लागतो, आणि हिशेब चुकता करायला जो येतो तो मात्र गावकुसाबाहेरचा माणूस असतो.

स्थानिक अन्नव्यवस्था उभारण्याविषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यात जुने गाव स्वयंपूर्ण होते हे बहुधा गृहीत धरलेले असते. ते अगदीच खोटे नाही. पेवांत ज्वारी वर्षानुवर्षे टिके. तळाला आणि कडांना कडबा, तोंडावर माती. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून गेल्याखेरीज कोणी खाली उतरत नसे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना कामाचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्यरूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचे जे बारकावे सापडतात, ते अन्यत्र क्वचितच सापडतील. आत्रे तिचे गोडवे गात नाहीत. पण त्यांची तक्रार पुष्कळदा कुणब्याच्या बाजूने, मागणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. खळ्याच्या पलीकडून तेच दृश्य कसे दिसत होते, हे मराठी वाचकाला ठसठशीतपणे कळायला दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) यावे लागले. दोन्ही पुस्तके वर्गात शेजारी ठेवून वाचली जात नाहीत, याचे आम्हांला नेहमीच नवल वाटते.

१९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारांचे बलुते रोख रकमेत बदलावे, हा त्यातला एक मुद्दा. आजच्या ‘स्थानिक’वाद्यांना तो विपरीत वाटेल: धान्य सोडून पैसा कशासाठी? परंतु धान्य दात्याच्या मर्जीने पदरात पडत होते, आणि रोकड निदान त्या मर्जीतून सोडवणारी होती. विधेयक मंजूर झाले नाही. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. तोवर रेल्वेने आणि बाजाराने पेवांचे महत्त्व पुष्कळसे कमी केलेच होते.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर बिदरपासून फार दूर नसलेल्या जहीराबाद भागात, आजच्या तेलंगणात, मिळाले. आंध्र प्रदेशात १९८३ पासून २ रुपये किलोचा तांदूळ रेशनवर येऊ लागला. गरिबाच्या ताटात भात आला, ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्वारीची कोरडवाहू जमीन मात्र पडीक राहू लागली. पस्तापूरच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या, मुख्यतः दलित स्त्रियांच्या संघमांनी १९९० च्या दशकात ही पडीक जमीन लागवडीखाली आणली. मशागतीसाठी दिलेले कर्ज पैशाने नव्हे, ज्वारीने फेडायचे होते. (भांडवल केंद्राच्या ग्रामीण विकास खात्याकडून आले होते, निव्वळ स्थानिकतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे विसरू नये.) फेडीची ज्वारी गावातच राही. माती-शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कणग्यांत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ती साठवली जाई आणि हाताला काम नसलेल्या महिन्यांत स्वस्तात विकली जाई.

कोणाला किती द्यायची, हे तहसील कचेरीतल्या यादीवरून ठरत नव्हते. गावातले कोणते घर किती गरीब, याची प्रतवारी गावात बसूनच केली जाई आणि तिच्यावरून धान्याचा वाटा ठरे. मापही त्याच स्त्रियांच्या हाती असे.