मातीतले सफाईवाले

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात उकिरडा कोणाला नवा नाही. शेण, काडीकचरा, राख टाकत जावे आणि वर्षभराने उकरावे, तर हाती काळे, बिनवासाचे खत येते. हे काम जिवाणूंचे. आपली घाण ही त्यांची भाकर! पण माणसाच्या मैल्याचे काम त्यांच्यावर सोपवायला आपण फार वेळ लावला. ते काही जातींच्या माथी मारून समाज मोकळा झाला होता.

मुंबईत माटुंग्याला 1890 साली कुष्ठरुग्णांसाठी ॲकवर्थ यांच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले. विसाव्या शतकाच्या तोंडावर तिथल्या मैलापाण्यावर बंद टाकीत प्रयोग झाले. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू मैला कुजवतात आणि मिथेन हा जळणारा वायू सोडतात. तो वायू कामाला लावण्याचा प्रयत्नही तिथेच झाला. इंग्लंडात एक्झेटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी 1895 च्या सुमारास अशीच टाकी बांधली होती.

शास्त्र आले, तरी डोक्यावरची पाटी उतरली नाही. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणारा 'गोपुरी संडास' रुजवला. झाडू हाती घेणाऱ्या या माणसाने शेवटी ते काम मातीतल्या जिवाणूंकडे दिले.

आज गावोगाव शौचालये आहेत. प्रश्न खड्ड्याचा आहे. दोन शोषखड्डे असतील, तर एक भरला की दुसरा वापरायचा. बंद केलेल्या खड्ड्यात दीड-दोन वर्षांत जिवाणू मैल्याचे खत करतात. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा, आणि विहिरीपासून अंतर ठेवावे.

एकच मोठी बंद टाकी बांधली, तर ती कधीतरी उपसावी लागते. तिच्यात साचलेले विषारी वायू आत उतरणाऱ्याचा जीव घेतात. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत.

मंडळी, घर बांधताना गवंड्याला दुसरा खड्डा खणायला सांगा. खर्च थोडा वाढेल, पण कोणाच्या तरी लेकाला त्या टाकीत उतरावे लागणार नाही.