नकाशा कुणी काढला? साखळीपासून जीपीएसपर्यंत

सध्या करमाडच्या पट्ट्यात चार माणसं बसली की मोजणीचा विषय निघतोच. रोव्हर, ड्रोन, ई-मोजणी. शेंद्र्याची एमआयडीसी शेजारी आल्यापासून एकेक गुंठ्याला किंमत आली. म्हणून आज पिकापाण्याऐवजी नकाशाचा थोडा इतिहास लिहितो. जरा लांबचा आहे, पण शेवटी आपल्याच बांधावर येतो.

आपला गुंठा आला साखळीवरून. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० झाले की एकर. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची मोजणी आणि आकारणी सुरू केली. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. इकडं सालारजंगाच्या काळात, १८७० च्या दशकात, त्याच धर्तीवर मोजणी आली. सर्व्हे नंबर पडले, आकार ठरला. मोजणीचा हेतू सरळ होता, सारा कुणाकडून किती घ्यायचा ते ठरवणं. त्या निमित्तानं का होईना, कसणाऱ्याचं नाव कागदावर लागलं.

डोंगरातल्या माणसाचं मात्र उलटं झालं. १८७८ च्या वन कायद्यानं इंग्रजी मुलखात राखीव जंगलाच्या रेषा पक्क्या केल्या. रेषेच्या आत कुणी मोहफुलं वेचत होतं, कुणी गुरं चारत होतं, कुणी वर्षाआड जागा बदलून पेरत होतं. नकाशावर त्यातलं काही आलंच नाही. काल जे वहिवाट होतं ते आज अतिक्रमण झालं. निजामाच्या राज्यातही तेच. आसिफाबादकडं गोंडांच्या जमिनी आणि जंगल राखीव रेषेत गेलं. त्यावरून कोमरम भीम यांनी लढा उभारला आणि १९४० मध्ये जोडेघाटला ते मारले गेले. हा मुलूख फार परका नाही. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता.

म्हणजे नकाशा ज्यानं काढला, त्याला जे हवं होतं तेवढंच त्यात उतरलं. हे उलटवायचा एक मोठा प्रयत्न कॅनडात झाला. १९७० च्या दशकात तिथल्या इन्यूइट शिकाऱ्यांनी आयुष्यभर कुठं शिकार केली, कुठं मासे धरले, कुठं तळ ठोकला, ते स्वतः नकाशांवर आखून दिलं. १९७६ मध्ये ते काम छापलं गेलं. पुढं जमिनीच्या वाटाघाटीत ते कामी आलं आणि १९९९ मध्ये नुनावुत हा त्यांचा वेगळा प्रदेश झाला. तेव्हा जीपीएस नव्हतं. कागद, पेन्सिल आणि म्हाताऱ्यांची आठवण, एवढंच भांडवल.

आपल्याकडं दार उघडलं ते २००६ च्या वनहक्क कायद्यानं. दावा दाखल करायचा तर हद्द दाखवावी लागते. इथं डिजिटल नकाशा आला, आणि तो दोन्ही बाजूंनी आला. नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातच्या डेडियापाडा, सागबारा भागात हजारो दावे फेटाळले गेले. उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही, हे त्यामागचं एक कारण. मग आर्च वाहिनी या संस्थेच्या मदतीनं गावातल्या पोरांनी हातातलं जीपीएस घेतलं, एकेक शेत पायी फिरून बिंदू घेतले आणि ते उपग्रहाच्या चित्रावर बसवले. त्याच चित्रात शेत दिसायला लागलं! २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला सांगितलं. त्याआधी २०१२ च्या सुधारित नियमांतही लिहिलं गेलं की उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, बाकी पुराव्याची जागा ते घेणार नाही. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, हे सगळं पुरावा म्हणून धरलं जातं.

हद्द ठरली की पुढचं काम नियोजनाचं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकायला लागली. चंद्रपूरच्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टर मिळालं. त्यांनी काय केलं बघा. जंगलाचा काही भाग देवाच्या नावानं राखून ठेवला, तिथं तोड नाही. तेंदूपत्त्यात रोख पैसा असूनही तो तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. कुठं तोडायचं, कुठं हात लावायचा नाही, हे ग्रामसभेत बसून ठरलं. असा निर्णय कुठल्या ॲपमधून निघत नाही. ॲप फार तर ठरलेली रेषा नीट आखून देतं.

आता आपलं. सातबारा ऑनलाइन आहे, ई-पीक पाहणी २०२१ पासून आपल्याच मोबाईलवर आहे. स्वतःच्या गटाचं आपण बघतो. पण गायरान, पाणंद, ओढा, गावतळं, पाझर तलावाचं पाणलोट, हे कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं. त्याचा धनी म्हणजे सगळं गाव, म्हणून लक्ष कुणाचंच नसतं. पट्ट्यात कंपन्या येतायत, प्लॉटिंग पडतंय. ओढा बुजला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी वावरात घुसतं, मग आपण तहसीलला चकरा मारतो.

वनहक्काचा कायदा आपल्या गायरानाला लागू नाही, हे खरंय. त्यांची रीत मात्र उचलता येते. गावनकाशाची प्रत काढायची. दोन जाणती माणसं आणि दोन मोबाईलवाली पोरं घेऊन शिवार फिरायचं. ओढ्याचे, पाणंदीचे, गायरानाच्या कोपऱ्यांचे बिंदू घ्यायचे, जुनी नावं लिहायची, फोटो तारखेसकट ठेवायचे. मग ते ग्रामसभेत मांडून ठरावाच्या वहीत नोंदवायचं. मोबाईलचा बिंदू काही मीटर इकडंतिकडं होतो, त्यामुळं ही सरकारी मोजणी नव्हे. पण उद्या कुणी "इथं ओढा नव्हताच" म्हणालं, तर दाखवायला गावाकडं काहीतरी असेल.

ज्यांना ओढ्याची जुनी वळणं पाठ आहेत ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. खरीप आवरला की हे काम काढा, आणि त्यांना बैलगाडीत नाहीतर मोटारसायकलवर बसवून सोबत न्या.