नदीची ओटी

आपल्या आज्या नदीची ओटी भरायच्या, तेव्हा सुती खण, नारळ, हळदकुंकू वाहायच्या. दिवा पानाच्या द्रोणात सोडायच्या. पंगतीच्या पत्रावळीही पळसाच्या. पाण्यात पडलं ते कुजून जायचं.

म्हणून तेव्हा घाण नव्हती असं नाही. पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. तिथं वारीच्या गर्दीत गाडगेबाबा खराटा घेऊन झाडायचे. ते १९५६ साली गेले. त्यांनी झाडलेला कचरा बहुतेक मातीत मिसळणारा होता.

पुढं कॅरीबॅग आली, थर्माकोलची ताटं आली. ती कुजत नाहीत, पाणी अडवतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी आधीच भराव आणि कचऱ्यानं आवळली होती, गटारं प्लास्टिकनं तुंबली होती. शेकडो माणसं गेली. मार्च २०१८ मध्ये राज्यात कॅरीबॅग आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली.

तरी आजही पुलावरून ओटी पडते ती पिशवीसकट, आणि आतला खणही बहुधा सिंथेटिक असतो. पुलावर पोलीस किती उभे करणार? ओटी तर आपल्याच हातात असते.

आम्ही गटात ठरवलंय: ओटी काठावर भरायची. नदीला हळदकुंकू वाहायचं. नारळ फोडून प्रसाद वाटायचा, खण एखाद्या लेकीला द्यायचा, फुलं झाडाच्या बुंध्याशी घालायची. रिकामी पिशवी घरी परत. नदीही माहेरवाशीणच, तिच्या ओटीत कचरा कसा घालायचा?