परिचर्या-शिक्षण आणि संपूर्ण मनुष्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, निसरपुर हे एक नांदते गाव होते. 2019 साली सरदार सरोवर 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले आणि जुने निसरपुर पाण्याखाली गेले. तेथील कुटुंबांस पुनर्वसनाच्या वसाहतींत जावे लागले. अशा वसाहतीतील एखादी वृद्धा झोप येत नाही, अन्न जात नाही म्हणून दवाखान्यात आली, तर परिचारिकेने काय पाहावे? नाडी व ताप पाहणे अवश्यच आहे. परंतु तिचे घर, अंगण व शेजार तुटला आहे, हे ध्यानी न घेता तिचे दुखणे समजेल काय? ‘समग्र रुग्णसेवा’ या शब्दाने आज हेच शिकविले जाते. हा विचार आपल्याकडे कसा रुजला, हे येथे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

जर्मनीत कायझर्सवर्थ येथे पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी 1836 साली सेविकांची संस्था स्थापिली. 1851 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तेथे शिक्षण घेतले, आणि क्रिमियन युद्धातील अनुभवानंतर 1860 साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. शुद्ध हवा, उजेड, स्वच्छता, शांतता व योग्य आहार यांच्या योगे रोग्यास बरे होण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे परिचर्येचे कार्य, असा त्यांचा सिद्धांत होता. रोग्याकडे केवळ रोगाचे स्थान म्हणून न पाहण्याची ही शिकवण होती.

हिंदुस्थानात या विद्येपुढे निराळाच प्रश्न उभा राहिला, तो स्पर्शाचा. परक्या जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढणे, जखम धुणे हे काम हलके मानले जाई. ते करण्यास कोणती कुलीन स्त्री पुढे येणार? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1891 साली बाई काशीबाई गणपत शिक्षणासाठी आल्या. या शिक्षणास आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडले, आणि पुढे तेथेच परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पवारांच्या धार संस्थानात 1895 पासून कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गरेट ओहारा यांनी कार्य केले व स्त्रियांसाठी रुग्णालय उभारले. पडद्यातील स्त्री पुरुष वैद्यापुढे येत नसे. तिचा संकोच जाणणे हाही उपचाराचाच भाग होता.

हे श्रेय मात्र केवळ ख्रिस्ती मंडळीचे नव्हे. 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले, आणि त्या संस्थेने ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी स्त्रिया पाठविल्या. त्यांत विधवाही होत्या. जिचा स्पर्श समाजाने अशुभ ठरविला होता, तिच्याच हातांनी रोग्याची सेवा व्हावी, ही लहान क्रांती नव्हे.

येथे आपण आपल्या इतिहासाकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. अनेक मिशन रुग्णालयांत औषध देण्यापूर्वी उपदेश ऐकविण्याची प्रथा होती. हेतू प्रीतीचा असेल. परंतु वेदनेने व्याकूळ झालेला मनुष्य उठून जाऊ शकत नाही, हे आम्हांस विसरता येत नाही. आत्म्याची काळजी घेण्याच्या नावाखाली रोग्याच्या असहायतेचा उपयोग करून घेतला, तर ती समग्र सेवा राहत नाही. तो व्यवहार होतो. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांस शुद्ध केले. त्यांपैकी एकच उपकार मानण्यास परतला. प्रभूला त्याचे दुःख झाले, पण उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांतही या दृष्टीने वाचावा. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत रात्रभर त्याची काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पुढील खर्चासाठी दोन नाणी दिली. जखम, प्रवास, निवारा, रात्रीची सोबत आणि उद्याची तरतूद ही सर्व एकाच सेवेची अंगे आहेत. त्याने त्या मनुष्याची जात वा धर्म विचारल्याचा उल्लेख नाही.

1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि देशभर शिक्षणाचे समान प्रमाण ठरविण्याची व्यवस्था झाली. अभ्यासक्रम परिषद ठरवील. परंतु पाहण्याची दृष्टी ही विद्यार्थिनीच्या अंतःकरणात घडवावी लागते, आणि ते कार्य आमच्या संस्थांकडे अद्याप आहे. ती वृद्धा पुन्हा दवाखान्याच्या दारी येईल. गोळी हाती देण्यापूर्वी तिला कोणी विचारील काय, की “आजी, तुमचे गाव कोणते?” आणि तिचे उत्तर संपेपर्यंत तिच्याजवळ बसेल काय?