विद्यार्थी-वृत्तपत्र, स्वतंत्र

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेले, ठरावीक काळाने निघणारे आणि मुख्यतः तिथल्या घडामोडींच्या बातम्या देणारे पत्र. त्याचे स्वातंत्र्य भूमिकेवरून नव्हे, व्यवस्थेवरून ओळखावे लागते. प्रशासनावर सतत तुटून पडणारे पत्र संघटनेचे मुखपत्र असू शकते: ‘राष्ट्रीय छात्रशक्ती’ अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे आहे, ‘स्टुडंट स्ट्रगल’ एसएफआयचे. उलट प्राचार्यांचे कौतुक छापणारे पत्रही स्वतंत्र असू शकते, ते छापायचे की नाही हे संपादकांनीच ठरवले असेल तर. प्राचार्य, कुलसचिव किंवा पक्षाचा जिल्हाध्यक्ष यांच्या सहीवाचून पुढचा अंक निघू शकतो का, एवढीच कसोटी. मराठी मुलखात या कसोटीला उतरणारी पत्रे फार थोडी. त्याचे कारण सहसा दडपशाहीत शोधले जाते. छापखान्याचे बिल कोणाच्या नावावर फाटते, हे पाहिले तर अधिक हाती लागते.

विद्यार्थ्यांच्या लेखणीचा तुटवडा इथे कधीच नव्हता. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापली. तिच्या मराठी शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत चालले, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्या सात वर्षे आधी सुरू झाले. मात्र त्यात निबंध होते, बातम्या नव्हत्या. शंभर वर्षांनी, १९५५ च्या सुमारास, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी चक्रमुद्रित ‘शब्द’ काढले. पुढे अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले आदींच्या हातून लघुनियतकालिकांची लाट आली. ही मंडळी तरुण होती, कोणाच्या परवानगीने छापत नव्हती, खर्च स्वतःच्या खिशातून करत होती. कसोटीचा पहिला भाग त्यांनी सहज पार केला. पण त्यांना कविता छापायच्या होत्या, परीक्षा विभागातला घोळ नव्हे. आणि बहुतेक पत्रे थोड्याच अंकांत आटोपली. कवितेला ते चालते, कारण चांगली कविता एका अंकातही पुरेशी असते. बातमीला पुढचा अंक लागतो, नाहीतर खुलासाही छापता येत नाही आणि पाठपुरावाही होत नाही.

महाविद्यालयांच्या आत जे उगवले ते दोन प्रकारचे. एक वार्षिक अंक, दुसरे भित्तिपत्रक. वार्षिक अंकासाठी विद्यापीठे स्पर्धा घेतात, त्यामुळे त्यावर मेहनत होते आणि मुखपृष्ठे देखणी असतात. पण वर्षाअखेरीस निघणाऱ्या अंकात बातमी म्हणजे इतिहासच. त्याच्या संपादक मंडळावर प्राध्यापक असतात आणि पहिल्या पानांवर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे. संस्था पैसे देते म्हणून अंकात काय जावे हे तिने ठरवावे, असा युक्तिवाद इथे केला जातो. तो अर्धाच खरा आहे. प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या शुल्कात मासिकासाठीची रक्कम वेगळी दाखवलेली असते. पैसे विद्यार्थ्यांचे, धनादेशावरची सही तेवढी प्राचार्यांची. भित्तिपत्रकाला हा खर्चच नाही. हाताने लिहिलेला कागद फळ्यावर लावायचा, एवढेच. पण फळ्याला काच असते, काचेला कुलूप असते आणि किल्ली कार्यालयात असते.

बातमीची गरज किती खरी आहे, हे २०१७ साली दिसले. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे काम अडकले, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. या विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. अलिबागच्या दक्षिणेला, आक्षी आणि चौल-रेवदंडा यांच्या मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले नागाव त्याच क्षेत्रातले. इथली मुले पदवीसाठी प्रामुख्याने अलिबागला जातात, रेवदंड्याच्या रस्त्यावरची एसटी पकडून. त्यांच्या निकालाचा निर्णय मात्र सांताक्रूझच्या विद्यानगरीत होतो, आणि मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा नेमक्या पावसाळ्यात बंद असतात. मुंबईच्या वृत्तपत्रांनी तो गोंधळ भरपूर छापला, पण तो विद्यापीठाच्या मुख्यालयातून पाहिलेला. अलिबागच्या एखाद्या टी.वाय.च्या वर्गात किती जणांचे निकाल राखून ठेवले, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कुठे द्यायचा, पुढच्या प्रवेशाची तारीख हुकली तर काय, ही माहिती मिळण्याची जागा म्हणजे कार्यालयाची खिडकी किंवा मित्राचा मोबाइल. निवडून आलेली विद्यार्थी परिषद असती तर निदान विचारणारे कोणी असते. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा मान्य केल्या, पण प्रत्यक्षात पुढे ढकलल्या गेल्या. प्रतिनिधी नसलेल्या ठिकाणी पत्राची गरज वाढते, कमी होत नाही.

यावर पहिला आक्षेप वयाचा. विद्यार्थी अपरिपक्व, ऐकीव गोष्टी छापतील, बदनामीचे दावे येतील. धोका काल्पनिक नाही. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे खरी मानून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी छापली. ती बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. दोघेही तेव्हा पदवीधर होते आणि शाळा चालवत होते. चूक वयाची नव्हती, कागदपत्र न पारखण्याची होती, आणि पारखण्याची सवय पत्र चालवल्यावाचून लागत नाही. शिवाय मतदानाचे वय १८ आहे, आणि बदनामीचे कलम, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे ३५६ वे, विद्यार्थ्यालाही लागू आहे. कायद्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली जाते त्याच्या मजकुरावर प्राचार्यांची आगाऊ तपासणी कशासाठी, हा प्रश्न उरतोच. त्याच ‘केसरी’चा दुसरा धडा कमी सांगितला जातो. सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी १८८७ मध्ये संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. ध्येयाने एकत्र आलेल्या मित्रांतही, मत फिरले की पत्राचा मालक कोण हा मुद्दा पुढे येतोच.

दुसरा आक्षेप असा की मोबाइलच्या काळात हे सारे व्यर्थ आहे. छपाई नको, बिल नको, मग परवानगी कसली? दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाचे २०१५ चे प्रकरण याचे उत्तर देते. तिथल्या विद्यार्थ्यांनी केवळ इंटरनेटवर काढलेले साप्ताहिक, प्राचार्यांची मुलाखत त्यांच्या अंतिम संमतीवाचून प्रसिद्ध केल्याच्या कारणावरून बंद करवले गेले आणि एका विद्यार्थ्याला निलंबित केले गेले. निलंबनाला दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कागद गेला तरी हजेरी, अंतर्गत गुण आणि वर्तणुकीचा दाखला प्रशासनाच्याच हातात राहतात. इंटरनेटने खर्च घटवला, अवलंबित्व नाही. व्हॉट्सअॅपच्या गटांत फिरणाऱ्या मजकुराला तर संपादकच नसतो. चूक कोणी दुरुस्त करायची हे ठरलेले नसते, आणि जे दुरुस्त होत नाही ते वृत्तपत्र नव्हे.

तेव्हा मालकी आवाराबाहेर नेणे हाच टिकाऊ मार्ग. बर्कलेचे ‘डेली कॅलिफोर्नियन’ १९७१ साली विद्यापीठापासून आर्थिकदृष्ट्या वेगळे झाले, एका अग्रलेखावरून संपादकांवर झालेल्या कारवाईनंतर. हार्वर्डचे ‘क्रिमसन’ १८७३ पासून निघते आणि आपला खर्च स्वतः भागवते. तिथल्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांची उदाहरणे रायगडच्या किनाऱ्याला काय कामाची, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तही आहे. पण जवळचे उदाहरण अलिबागचेच आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षे चालला. त्याच काळात, १९३७ साली, नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ सुरू केले. कुळांचा प्रश्न ज्यांच्या दारात होता ते वाचक त्याच तालुक्यात होते, म्हणून पत्र रुजले. (पुढे त्याचे नाते शेतकरी कामगार पक्षाशी घट्ट राहिले, पक्षाच्या आधाराची किंमत हा या नोंदीचा विषय नाही, पण विद्यार्थी-पत्राने तो आधार का टाळावा हे त्यावरून समजते.) इथला धडा व्याप्तीचा आहे. एकेका संलग्न महाविद्यालयात वाचक मोजके आणि दाब थेट. अलिबाग तालुक्यातील सगळ्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून पाक्षिक चालवले, तर कोणत्याही एका प्राचार्यांना ते बंद करता येणार नाही, आणि नागाव, चौल, रेवदंडा, पोयनाड इथली घरेही वाचकांत येतील. नागावात आता घरगुती निवासाचा व्यवसाय बहरला आहे. लहान जाहिराती तिथून मिळू शकतात. जाहिरातदारही दडपण आणतात, हे खरे. मात्र वीस छोट्या जाहिरातदारांतला एक रागावला तर अंक थांबत नाही, एकमेव देणगीदार रागावला तर थांबतो. मग हे पत्र आवाराचे कसे, असा प्रश्न येईल. ज्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणजे स्वतःचे घर आणि कट्टा म्हणजे एसटी स्टँड, त्यांचे आवार तालुक्याएवढेच असते.

उरते ते वारसाहक्काचे काम, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित. एफ.वाय.ला आलेला बातमीदार टी.वाय.ला संपादक होतो आणि त्याच उन्हाळ्यात निघून जातो. छापील नियतकालिकाची नोंदणी १८६७ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांसमोर प्रकटन करून होत असे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात अर्ज ऑनलाइन करायचा असतो. दोन्ही व्यवस्थांत मालक आणि संपादक यांची नावे द्यावी लागतात. मालक म्हणून एखाद्या विद्यार्थ्याचे नाव टाकले, तर तो पुण्याला नोकरीला लागल्यावर पत्र कायद्याने त्याच्याबरोबर जाते. म्हणून मालकी नोंदणीकृत संस्थेकडे असावी, तिच्या विश्वस्तांत माजी संपादक असावेत, त्यांना हिशेब पाहण्याचा अधिकार असावा आणि मजकूर पाहण्याचा नसावा. संपादकाची निवड दिवाळीच्या सुट्टीआधी एस.वाय.च्या मुलांतून केली, म्हणजे जुन्या संपादकाच्या हाताखाली नव्याचे अर्धे वर्ष जाते आणि एप्रिलच्या परीक्षांत अंक खंडित होत नाही.