माहिती पुरते का?

कुणीतरी ७ रुपयांची काही पेनं आणि ११ रुपयांच्या काही वह्या घेतल्या. वह्या किती? विधान १: एकूण ८३ रुपये झाले. विधान २: वह्या पेनांपेक्षा एकाने जास्त आहेत.

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी असलेल्या जीमॅट परीक्षेच्या ‘डेटा सफिशियन्सी’ प्रकारात वह्यांचा आकडा कुणी मागत नाही. पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळूनच पुरतात, कुठलंही एक पुरतं, की दोन्ही घेऊनही भागत नाही, एवढंच सांगायचं. अनुक्रमे ए, बी, सी, डी, ई असे हे पाच पर्याय प्रत्येक प्रश्नाला तेच असतात. म्हणून नेहमीच्या बहुपर्यायी गणितातली पळवाट, म्हणजे एकेक पर्याय समीकरणात घालून पाहण्याची युक्ती, इथे चालत नाही.

हा साचा विसाव्या शतकातला आणि अमेरिकेतला असला तरी त्यामागचा विचार फार जुना आहे. युक्लिडचं ‘एलिमेंट्स’ सर्वांना ठाऊक असतं. त्याचंच ‘देदोमेना’ नावाचं एक लहान पुस्तक आहे, त्यात ९४ प्रमेयं आहेत. अमुक गोष्टी दिल्या असतील तर त्यावरून आणखी काय निश्चित होतं, हा त्या सगळ्यांचा विषय. त्रिकोणाचे तिन्ही कोन दिले तर त्याचा आकार ठरतो, त्याचं माप ठरत नाही. एवढ्या एका भेदावर आजही कितीतरी परीक्षार्थी घसरतात. पुढे १९४५ साली जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने ‘हाउ टू सॉल्व्ह इट’मध्ये हीच सवय पद्धत म्हणून मांडली. दिलेल्या अटी पुरेशा आहेत, अपुऱ्या आहेत, गरजेपेक्षा जास्त आहेत की एकमेकींना छेद देणाऱ्या आहेत, हे गणिताला हात घालतानाच तपासा, असा त्याचा आग्रह होता. आपल्या शालेय पुस्तकांतल्या उदाहरणांत बहुधा लागेल तेवढीच माहिती दिलेली असते, त्यामुळे ही तपासणी आपल्याकडून फारशी होतच नाही.

१९५३ साली अमेरिकेतल्या नऊ व्यवस्थापन शाळा प्रवेशासाठी एक सामाईक परीक्षा असावी म्हणून एकत्र आल्या, आणि १९५४ मध्ये प्रिन्स्टनच्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ने ती घेतली. १९७६ पासून ती जीमॅट म्हणून ओळखली जाते. हीच संस्था कॉलेजप्रवेशाची सॅटही घेत असे, आणि सॅटच्या गणितात १९५९ पासून माहिती पुरते का, हे विचारणारे प्रश्न होते. १९७४ मध्ये गणिताचा वेळ ७५ मिनिटांवरून ६० वर आला आणि हे प्रश्न गेले. त्यांच्या जागी दोन राशींची तुलना करायला सांगणारे, झटपट सुटणारे प्रश्न आले. घड्याळाच्या हिशेबाने ते ठीक असेल, पण मला हा बदल नुकसानीचा वाटतो. व्यवस्थापनाच्या परीक्षेने मात्र हा प्रकार सोडला नाही, आणि ते योग्यच झालं. फायलीतल्या माहितीवर निर्णय घेता येईल की आणखी विचारणा करावी लागेल, हे ओळखणं व्यवस्थापकाचं रोजचं काम आहे.

सराव करणारी मुलं ‘एडी-बीसीई’ असं घोकतात. पहिलं विधान पुरलं तर उत्तर ए किंवा डी, नाही पुरलं तर बी, सी किंवा ई. युक्ती चांगली आहे, पण पहिलं विधान पुरतं की नाही हे मूळ ओझं ती उचलत नाही. वरचंच उदाहरण घ्या. दोन अज्ञातं म्हणजे दोन समीकरणं हवीत, असं मनात पक्कं बसलेलं असतं, म्हणून हात आपोआप ‘दोन्ही मिळून’कडे जातो. पण वह्या आणि पेनं पूर्ण संख्येतच असणार. ८३ मधून एकेक करून ११ वजा करत जा आणि उरलेल्या रकमेला ७ ने भाग जातो का ते पाहा. फक्त पाच वह्यांनंतर २८ उरतात, म्हणजे चार पेनं. दुसरा मेळच बसत नाही, तेव्हा पहिलं विधान एकटं पुरतं. अशा समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढण्याची कुट्टक पद्धत आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिली आणि भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ती विस्ताराने मांडली. आपल्या गणितपरंपरेतलं इतकं कसदार प्रकरण शाळेत क्वचितच भेटतं, याची खंत वाटते.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांची ‘डेटा सफिशियन्सी’शी पहिली गाठ जीमॅटमध्ये पडत नाही. ती बँकांच्या परीक्षांत किंवा यूपीएससीच्या सीसॅटमध्ये पडते. तिकडे जीमॅटने नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेची मांडणी बदलली. भूमिती काढून टाकली आणि हे प्रश्न गणिताच्या विभागातून उचलून ‘डेटा इनसाइट्स’मध्ये नेले. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात आणि पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. आता गणिताशी संबंध नसलेली, निव्वळ तर्काने तोलायची विधानंही या प्रकारात येतात, आणि कॅल्क्युलेटर तिथे कामाचा नाही.