भोपाळचा वकील, भोपाळचा मुख्यमंत्री : डॉ. शंकरदयाळ शर्मा

देशाचे नववे राष्ट्रपती म्हणून डॉ. शंकरदयाळ शर्मा सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी ते एका छोट्या राज्याचे मुख्यमंत्री होते, हे मात्र आता फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. ते राज्य आज नकाशावर नाही. भोपाळ हे त्याचे नाव. त्याच्या विधानसभेत अवघे तीस सदस्य होते. मुक्तीनंतरच्या गोवा, दमण व दीवच्या पहिल्या विधानसभेची निर्वाचित सदस्यसंख्याही तीसच होती. छोट्या राज्याचे स्वतंत्र अस्तित्व राहावे की मोठ्यात मिसळावे, हा प्रश्न गोमंतकीयांनी १९६७ च्या जनमत कौलात सोडवला. भोपाळात तो दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा उत्तर विलीनीकरणाचेच आले.

शर्मांचा जन्म १९ ऑगस्ट १९१८ रोजी भोपाळ येथे झाला. वडील पंडित खुशीलाल शर्मा हे वैद्य होते. भोपाळचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आग्रा, अलाहाबाद आणि लखनौ येथे शिक्षण झाल्यावर शर्मांनी केंब्रिजमधून डॉक्टरेट आणि लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टरी मिळवली. संघराज्यात्मक घटनांमध्ये कायदे करण्याच्या अधिकारांचा अर्थ कसा लावावा, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. केंद्र आणि राज्ये यांच्यातील सीमारेषेचा हा अभ्यास पुढे राज्यपाल व राष्ट्रपती म्हणून त्यांच्या किती कामी येणार होता, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार? लखनौत त्यांनी वकिली केली, तेथे आणि केंब्रिजमध्ये कायदा शिकवलाही.

ते राजकारणात उतरले ते विलीनीकरणाच्या लढ्यातून. स्वातंत्र्यानंतरही नवाब हमीदुल्ला खान भोपाळचे वेगळेपण सोडण्यास राजी नव्हते. संस्थान भारतात विलीन व्हावे यासाठी आंदोलन पेटले. १४ जानेवारी १९४९ रोजी, ऐन मकरसंक्रांतीला, नर्मदाकाठी बोरास येथे तिरंगा फडकवण्यासाठी जमलेल्या तरुणांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. याच लढ्यात शर्मांना तुरुंगवास घडला. अखेर नवाबांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि १ जून १९४९ रोजी कारभार केंद्राकडे आला.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने तीसपैकी पंचवीस जागा जिंकल्या आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी शर्मा मुख्यमंत्री झाले. हे पद साडेचार वर्षेच टिकले, कारण राज्यच टिकले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशात मिसळले. त्याच दिवशी जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी संपली. राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या राज्याच्या राजधानीसाठी जबलपूरची शिफारस केली होती. मान मिळाला तो भोपाळला. त्याचे श्रेय भोपाळकर शर्मांनाही देतात. मुख्यमंत्रिपद सोडून दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात साधा मंत्री होणे आजच्या राजकारण्यांना पचेल की नाही, सांगवत नाही. शर्मांनी मात्र पुढील काळात शिक्षण, कायदा, उद्योग अशी खाती सांभाळली.

दिल्लीतील त्यांच्या वाटचालीचा तपशील थोडक्यात असा : १९७१ मध्ये भोपाळमधून लोकसभेवर निवड, १९७२ ते १९७४ काँग्रेसचे अध्यक्षपद, त्यानंतर दळणवळण मंत्री, १९७७ च्या जनता लाटेत आरिफ बेग यांच्याकडून पराभव आणि १९८० मध्ये त्याच मतदारसंघातून पुनरागमन.

त्यांचा खरा कस लागला तो घटनात्मक पदांवर. ऑगस्ट १९८४ मध्ये आंध्र प्रदेशचे राज्यपाल रामलाल यांनी एन. टी. रामाराव यांचे सरकार बरखास्त केल्याने देशभर गदारोळ उठला. रामलाल यांच्या जागी शर्मांना पाठवण्यात आले आणि १६ सप्टेंबरला रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. काँग्रेसचा माजी अध्यक्ष राजभवनात असताना काँग्रेसविरोधी मुख्यमंत्री सन्मानाने परतला, ही गोष्ट लहान नव्हती.

पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९८५ रोजी, त्यांची कन्या गीतांजली आणि जावई खासदार ललित माकन यांची दहशतवाद्यांनी दिल्लीत गोळ्या घालून हत्या केली. त्यानंतर काही महिन्यांतच शर्मा धगधगत्या पंजाबचे राज्यपाल झाले. तेथून १९८६ मध्ये ते महाराष्ट्रात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात हत्या झाली. या गुन्ह्यासाठी ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवडा तुरुंगात फाशी गेलेल्या जिंदा व सुखा या दोघांची नावे माकन हत्याकांडातही होती. फाशीच्या वेळी शर्मा राष्ट्रपती होते. हा योगायोग वाचतानाही अंगावर येतो.

१९८७ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतर पंतप्रधानपदासाठी आधी शर्मांना विचारणा झाली होती आणि वय व प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी नकार दिला, असे नटवरसिंह यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. जुलै १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शर्मांनी मेघालयाचे जी. जी. स्वेल यांना हरवले. नामांकित वकील राम जेठमलानी हेही त्या रिंगणात होते.

बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर १९९२ मध्ये चार राज्यांतील भाजप सरकारे गेली. त्यांत शर्मांच्या मध्य प्रदेशातील सुंदरलाल पटवा यांचेही सरकार होते. परंतु मार्च १९९६ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, राव सरकारने दोन अध्यादेश स्वाक्षरीसाठी पाठवले तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. एक दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातींच्या सवलती देणारा, दुसरा निवडणूक प्रचाराचा कालावधी कमी करणारा. पहिल्या मागणीत तथ्य नव्हते असे कुणी म्हणणार नाही. गोव्यातही तिचे समर्थक आहेत. प्रश्न वेळेचा होता. निवडणुकीच्या उंबरठ्यावर असा निर्णय अध्यादेशाने घेणे त्यांना उचित वाटले नाही. येथे राष्ट्रपतींमधला वकील स्पष्ट दिसतो.

त्या निवडणुकीनंतर त्रिशंकू लोकसभेत त्यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांना पाचारण केले. ते सरकार तेरा दिवसांत पडले. मग १ जून १९९६ रोजी एच. डी. देवेगौडा आणि २१ एप्रिल १९९७ रोजी इंदरकुमार गुजराल, अशा वर्षभरातच तीन पंतप्रधानांना त्यांनी शपथ दिली.

२५ जुलै १९९७ रोजी ते निवृत्त झाले. २६ डिसेंबर १९९९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.